मालकीचा उतारा आणि कारभाराची वहिवाट

आपल्याकडे समभागांत पैसा गुंतवणारा मनुष्य, मग तो पुण्याच्या एखाद्या पेठेत राहणारा निवृत्त शिक्षक असो वा डोंबिवलीहून रोज फोर्टातल्या कचेरीत जाणारा कारकून असो, कंपनीची पारख करताना एक आकडा हटकून पाहतो. प्रवर्तकाच्या हाती किती टक्के भाग आहेत, हा तो आकडा. प्रवर्तकाचा हिस्सा साठ-पासष्ट टक्के असला की त्याला हायसे वाटते, तो पन्नासाच्या खाली उतरला की मनात शंका डोकावते, आणि लागोपाठ दोन-तीन तिमाह्या घटत गेला की तो आपले भाग विकून मोकळा होतो. या समजुतीमागचे तर्कशास्त्र सरळ आणि म्हणूनच आकर्षक आहे. ज्याचा पैसा गुंतला आहे तो रात्रीचा दिवस करील, ज्याचा गुंतलेला नाही तो पगार घेऊन घरी जाईल, असे ते तर्कशास्त्र सांगते. त्यात सत्याचा अंश आहे. परंतु त्या अंशावर कोणी आयुष्यभराची पुंजी लावावी इतका तो मोठा नाही.

माझे प्रतिपादन असे आहे. भागांची टक्केवारी आणि कंपनीची कामगिरी यांना जोडणारा कार्यकारणाचा सरळ धागा नाही. कारभार ज्याच्या अखत्यारीत आहे त्याच्या हातची सत्ता आणि कंपनीच्या बऱ्यावाईटाचा त्याच्या पदरी पडणारा वाटा, या दोहोंत अंतर किती, ही पहिली गोष्ट. आणि ते अंतर वाढू लागल्यास त्याचा हात धरण्याचे सामर्थ्य कोणाजवळ आहे, ही दुसरी. कंपनीचे भवितव्य बव्हंशी या दोन गोष्टींवर ठरते. टक्केवारी ही त्यांची बाह्य खूण आहे, आणि पुष्कळ वेळा ती दिशाभूल करणारी खूण ठरते.

१. सात आणि बारा

या बाबतीत आपला शेतकरी गुंतवणूकदारापेक्षा अधिक जाणता आहे. सातबाराचा उतारा हाती आला की तो त्यातील दोन नमुने वेगवेगळे वाचतो. गावनमुना सात हे अधिकार-अभिलेखाचे पत्रक असून जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे, हे त्यात लिहिलेले असते. गावनमुना बारा ही पिकांची नोंदवही. जमीन प्रत्यक्ष कोण कसतो आणि तिच्यात काय पिकते, हे पाहण्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्याकडे पाहत आले. कुळकायद्याच्या काळात कित्येक घराण्यांचे नशीब या दोन नोंदींमधील फरकावर फिरले, कारण सातावरचा मालक एक आणि बारावरचा कसणारा दुसरा, हा अनुभव गावोगाव होता.

भागबाजारात नोंदलेली कंपनी दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत भागधारणेचे जे पत्रक बाजाराकडे दाखल करते, ते या दृष्टीने केवळ सातचा उतारा होय. वर ‘प्रवर्तक व प्रवर्तक गट’, खाली ‘सार्वजनिक भागधारक’, मध्ये भागांची संख्या, टक्केवारी आणि तारण ठेवलेल्या भागांचा रकाना, असा त्याचा साचा असतो. ही पत्रके उघडून बारकाईने पाहिली तर वारंवार असे आढळते की, घरातील माणसांच्या स्वतःच्या नावे एक-दोन टक्के भाग असतात आणि उरलेला सारा हिस्सा तीन-चार खासगी कंपन्यांच्या, न्यासांच्या किंवा भागीदारी संस्थांच्या नावे असतो. त्या खासगी कंपन्यांचे भाग कोणाकडे आहेत, हे या मुख्य कोष्टकात नसते. त्यासाठी दुसरे दप्तर उघडावे लागते. म्हणजे ‘६२ टक्के’ हा आकडा वाचून ज्याला हायसे वाटते, त्याने वस्तुतः मतांची बेरीज वाचलेली असते. त्या मतांमागे कोणाचा किती पैसा आहे, हे त्याला अद्याप कळलेलेच नसते.

२. मुंबईच्या गिरण्यांनी शिकवलेला धडा

मालकी आणि कारभार यांची ताटातूट हा विषय अमेरिकेतील बर्ली आणि मीन्स यांच्या १९३२ सालच्या ग्रंथापासून सुरू झाला, असे आपल्या महाविद्यालयांतून शिकवले जाते. त्या ग्रंथाची थोरवी मोठीच आहे. दुसऱ्याच्या पैशाचा सांभाळ करणारे संचालक स्वतःच्या पैशाइतक्या जागरूकतेने तो करणार नाहीत, हे तर अॅडम स्मिथने १७७६ मध्येच नमूद करून ठेवले होते. परंतु हा प्रश्न समजून घेण्यासाठी मुंबईकराला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. लालबाग-परळच्या चिमण्यांच्या सावलीत त्याचा अभ्यास शंभर वर्षांहून अधिक काळ चालू होता. मॅनेजिंग एजन्सी हे त्या अभ्यासाचे नाव.

गिरणीचे भांडवल अनेक भागधारकांकडून गोळा व्हावे, परंतु कारभार करारनाम्याने एखाद्या पेढीकडे जावा आणि हा करार पुष्कळदा वारसाहक्काने चालावा, अशी ती पद्धत होती. पेढीचा स्वतःचा हिस्सा कधी मोठा असे, कधी नाममात्र; सत्ता मात्र दोन्ही स्थितींत सारखीच असे, कारण तिचा उगम भागांत नसून करारनाम्यात होता. मुंबईच्या अनेक गिरण्यांत या एजंटांचा मोबदला आरंभी उत्पादनावर ठरलेला होता आणि एका पौंड मालामागे पाव आणा हा त्याचा प्रचलित दर होता. हा दर साधा दिसतो म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहावा. गिरणीने वर्षात दहा लाख पौंड माल काढला की अडीच लाख आणे, म्हणजे १५,६२५ रुपये, एजंटाच्या खात्यावर जमा होत. मग तो माल नफ्यात विकला गेला, तोट्यात गेला, की गुदामात पडून राहिला, याच्याशी त्या जमेचा काहीही संबंध नसे. मंदीच्या वर्षी यंत्रे थांबवणे भागधारकांच्या हिताचे आणि ती चालू ठेवणे एजंटाच्या हिताचे, अशी विपरीत स्थिती त्या पाव आण्याने निर्माण केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समजा एजंटाकडे गिरणीचे दहा टक्के भाग आहेत आणि दुसऱ्या गिरणीच्या एजंटाकडे वीस टक्के. टक्केवारी पाहणारा म्हणेल की दुसरा एजंट अधिक जपून कारभार करील. परंतु पहिल्याचे कमिशन नफ्यावर आणि दुसऱ्याचे उत्पादनावर असेल, तर हा निष्कर्ष उलटू शकतो, कारण माणूस लाभांशाच्या एकाच वाटेने कंपनीतून पैसा नेत नाही. कमिशन, खरेदीतील दलाली, कापसाचा पुरवठा, विम्याची एजन्सी, कर्जावरील व्याज अशा किती तरी वाटा त्याला खुल्या असतात. आणि ज्या वाटेने त्याला सर्वांत अधिक मिळते, त्या वाटेकडे त्याचा कारभार झुकतो. कंपनी कायद्याच्या १९३६ च्या दुरुस्तीने एजन्सीच्या कराराला वीस वर्षांची मर्यादा घातली आणि मोबदला निव्वळ नफ्याशी जोडला. १९५६ च्या कंपनी कायद्याने त्या मोबदल्यावर आणखी निर्बंध आणले. आणि एप्रिल १९७० मध्ये ही पद्धत कायद्याने समूळ बंद झाली. कायदेमंडळाला ही सारी यातायात करावी लागली ती भागांची टक्केवारी सुधारण्यासाठी नव्हे, एवढे लक्षात आले तरी पुष्कळ झाले.

मी या पद्धतीला सर्वस्वी दोष देत नाही. भांडवल भित्रे होते, बँका यंत्रसामग्रीसाठी पैसा देत नव्हत्या आणि चार नामांकित माणसांच्या भरवशावाचून एकही भाग खपत नव्हता, त्या काळात या पेढ्यांनी उद्योग उभे केले, हे इतिहासाने मान्य केलेच पाहिजे. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीसाठी सुमारे आठ हजार लोकांनी तीन आठवड्यांत दोन कोटी तीस लाखांच्या आसपास रक्कम भरली, ती स्वदेशीच्या भावनेने भरली हे खरे. पण त्या नावावरील विश्वास नसता तर निव्वळ भावनेने एवढी रक्कम उभी राहिली नसती.

३. संशोधकांना काय सापडले

आता कोणी म्हणेल की, ही जुनी उदाहरणे झाली. शेकडो कंपन्यांचे आकडे एकत्र मांडले म्हणजे टक्केवारीचा परिणाम स्पष्ट दिसेल. हा प्रयत्न गेली चाळीस वर्षे झाला आहे आणि त्याचे फलित विलक्षण बोधप्रद आहे. १९८५ मध्ये डेमसेट्झ आणि लेन यांनी ५११ अमेरिकन कंपन्या तपासल्या. मालकी मोजक्या हातांत एकवटली असणे आणि हिशेबी नफ्याचे प्रमाण यांत त्यांना कोणताही अर्थपूर्ण संबंध आढळला नाही. तीनच वर्षांनी मॉर्क, श्लायफर आणि विश्नी यांनी ३७१ मोठ्या कंपन्या घेऊन निराळी मांडणी केली. संचालकांचा हिस्सा शून्यापासून पाच टक्क्यांपर्यंत वाढतो तोवर मालमत्तेच्या मानाने कंपनीचे बाजारमूल्य चढते, पाच ते पंचवीस टक्क्यांच्या दरम्यान ते उतरते, आणि पंचवीसच्या पुढे पुन्हा हळूहळू चढू लागते, असे त्यांना दिसले. १९९० मध्ये मॅककॉनेल आणि सर्व्हेस यांना एकच कमान दिसली. आतल्यांचा हिस्सा चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत वाढेतो चढ, त्यानंतर उतार.

एका प्रश्नाला तीन अभ्यासांनी तीन उत्तरे द्यावीत, याचा अर्थ संशोधक अकुशल होते असा करणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. उत्तर बदलते ते प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला गेल्यामुळे. डेमसेट्झ यांचा मूळ मुद्दा येथे निर्णायक आहे: मालकीची रचना आकाशातून पडत नाही, ती कंपनीच्या गरजांतून घडते. ज्या धंद्याला अफाट भांडवल लागते त्यात कोणत्याही एका घराण्याला मोठा हिस्सा राखणे परवडत नाही. ज्या धंद्याचा नफा मालकाच्या बारीक नजरेवर अवलंबून असतो त्यात मालक मोठा हिस्सा राखतो. आणि ज्या प्रवर्तकाला उद्याची भरभराट आजच दिसते तो आपले भाग विकत नाही. अशा वेळी ‘हिस्सा मोठा म्हणून कंपनी चांगली’ असे म्हणावे की ‘कंपनी चांगली म्हणून हिस्सा मोठा राहिला’ असे म्हणावे? छत्री उघडलेली पाहून तिनेच पाऊस आणला असे कोणी म्हणत नाही. पण तिमाही पत्रक वाचताना पुष्कळ शहाणी माणसे नेमके तेच म्हणतात.

४. उतरंडीचे गणित

या विषयाचा गाभा आता येतो, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. आपल्या स्वयंपाकघरांत पूर्वी मडक्यांची उतरंड असे. एकावर एक रचलेली, आणि सर्वांत वरच्या मडक्याला हात घालणारा सारी उतरंड हलवू शकत असे. उद्योगघराण्यांच्या मालकीची रचना जगातील बहुतेक देशांत अशीच असते. ला पोर्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये २७ संपन्न देशांतील मोठ्या कंपन्यांची अंतिम मालकी शोधली, तेव्हा विखुरलेल्या भागधारकांची कंपनी हा अमेरिका-इंग्लंडसारख्या मोजक्या देशांतला प्रकार निघाला. इतरत्र बहुधा घराणे किंवा सरकार शिखरावर बसलेले होते आणि भागांच्या उतरंडीतून खालच्या कंपन्यांवर सत्ता चालवत होते.

हिशेब असा. एका घराण्याकडे ‘क’ कंपनीचे ५१ टक्के भाग आहेत, ‘क’कडे ‘ख’चे ५१ टक्के, आणि ‘ख’कडे ‘ग’चे ५१ टक्के. तिन्ही ठिकाणी बहुमत असल्याने ‘ग’च्या सर्वसाधारण सभेत घराण्याचा शब्द अखेरचा असतो, आणि ‘ग’च्या पत्रकात प्रवर्तकाचा हिस्सा ५१ टक्के असाच छापला जातो. परंतु ‘ग’ने मिळवलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले घराण्याच्या पदरी किती येतात? ५१ चे ५१ टक्के म्हणजे २६ रुपये १ पैसा, आणि त्याचे पुन्हा ५१ टक्के म्हणजे १३ रुपये २७ पैसे. सत्ता संपूर्ण, वाटा जेमतेम आठवा.

आता समजा, ‘ग’ने काही जमीन ‘क’कडून वाजवीपेक्षा शंभर रुपये अधिक देऊन खरेदी केली. ‘ग’च्या तोट्यातील घराण्याचा भाग १३ रुपये २७ पैसे, ‘क’च्या लाभातील घराण्याचा भाग ५१ रुपये, उरलेली शिल्लक ३७ रुपये ७३ पैसे. हा पैसा कोणत्याही कारखान्यात निर्माण झालेला नाही. तो ‘ख’ आणि ‘ग’ यांच्या इतर भागधारकांच्या खिशांतून निघाला, आणि त्यासाठी कोणाच्याही तिजोरीचे कुलूप मोडावे लागले नाही. एक ठराव, एक मूल्यांकनाचा दाखला आणि संचालक मंडळाची मंजुरी एवढे दस्तऐवज पुरले. असा व्यवहार प्रत्येक उतरंडीत होतो, असे मी मुळीच म्हणत नाही. तो करण्याचा मोह उतरंडीच्या रचनेतच भरलेला आहे आणि ५१ हा आकडा तो मोह दाखवत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

बर्ट्रांड, मेहता आणि मुल्लईनाथन या तिघांनी २००२ मध्ये भारतीय उद्योगसमूहांचे आकडे तपासून असा निष्कर्ष काढला की, घराण्याचा वाटा जिथे कमी अशा कंपन्यांतील अनपेक्षित नफा, घराण्याचा वाटा जिथे अधिक अशा कंपन्यांकडे सरकतो. पुढे २०१२ मध्ये सीगल आणि चौधरी यांनी याच प्रश्नाची फेरतपासणी करून या फरकाचे श्रेय कंपन्यांच्या वेगवेगळ्या व्यवसायनीतीकडे दिले. वाद मिटलेला नाही, आणि प्रामाणिक वाचकाने दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्यात. परंतु वाद ‘वाटा आणि सत्ता यांतील अंतर’ या मुद्द्याभोवती चालला आहे, निव्वळ टक्केवारीभोवती नाही, ही गोष्ट माझ्या प्रतिपादनाला पुरेशी आहे.

या अंतराचे उघडेवाघडे दर्शन देशाला सत्यम कंपनीने घडवले. २००१ मध्ये प्रवर्तकांचा हिस्सा सुमारे पंचवीस टक्के होता, २००८ पर्यंत तो नऊ टक्क्यांच्या खाली आला, आणि राहिलेल्यांतलेही बरेच भाग कर्जापोटी तारण होते. १६ डिसेंबर २००८ रोजी संचालक मंडळाने मायटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचे ठरवले. त्या कंपन्या त्याच कुटुंबाच्या होत्या आणि त्यांतील कुटुंबाचा वाटा सत्यममधील वाट्याहून कितीतरी मोठा होता. मंडळावर नामांकित स्वतंत्र संचालक होते, तरी ठराव झाला. तो मोडला तो गुंतवणूकदार संस्थांच्या संतापाने आणि न्यूयॉर्कच्या बाजारात एका दिवसात कोसळलेल्या भावाने. काही तासांतच प्रस्ताव मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी खोट्या जमाखर्चाची कबुली दिली, आणि त्याच महिन्यात भागबाजाराची नियंत्रक संस्था सेबीने प्रवर्तकांच्या तारण भागांची माहिती जाहीर करणे सक्तीचे केले. तिमाही पत्रकातील तारणाचा रकाना ज्यांना क्षुल्लक वाटतो, त्यांनी तो कोणत्या किमतीला मिळाला आहे हे विसरू नये. भाग गहाण पडले की प्रवर्तकाचा स्वार्थ कंपनीच्या भरभराटीपासून सुटतो आणि भाव पडू न देण्याकडे वळतो. भाव घसरला की सावकार आणखी तारण मागतो, ते न मिळाले तर भाग विकून मोकळा होतो.

५. हात धरणारा कोण

अंतर असूनही कारभार सरळ चालू शकतो, जर हात धरणारा कोणी जागा असेल. येथे आपल्या देशातील अनुभव मोठा आहे, कारण १९५६ साली २४५ विमासंस्था मिळून आयुर्विमा महामंडळ झाले तेव्हापासून सरकारी संस्था आपल्या उद्योगांच्या मोठ्या भागधारक आहेत. मोठा भागधारक म्हणजे जागरूक भागधारक, असे सूत्र असते तर हा देश सुशासित कंपन्यांनी भरून गेला असता. परंतु महामंडळाला वर्षही पुरे झाले नव्हते तोच, जून १९५७ मध्ये, त्याने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे भाग घेतले, आणि विमेदारांचा पैसा एका सट्टेबाजाच्या सोयीसाठी वापरला गेल्याचा आरोप लोकसभेत गाजला. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. हिस्सा होता, पैसा होता, अधिकारही होता; फक्त तो पैसा ज्यांचा, त्या विमेदारांचा स्वार्थ खुर्चीवर बसलेल्या माणसांच्या स्वार्थाशी जोडलेला नव्हता.

१९८३ मध्ये उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्सचे भाग बाजारातून घेण्यास आरंभ केला, तेव्हा या प्रश्नाची दुसरी बाजू उघड झाली. कंपनी चालवणाऱ्या नंदा कुटुंबाचा हिस्सा अवघा पाच टक्क्यांच्या आसपास, आणि सरकारी वित्तसंस्थांचा मिळून ५२ टक्के. तरीही कंपनी नंदांची, असेच सारा देश म्हणत होता. आयुर्विमा महामंडळाने संचालक बदलण्यासाठी सभा बोलावण्याची मागणी केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८५ च्या निकालाने असा निर्वाळा दिला की, सरकारी संस्था असली तरी तिला इतर भागधारकांप्रमाणेच सभा बोलावण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी कारणे देण्यास ती बांधलेली नाही. कायद्याने हक्क स्पष्ट झाला. वहिवाट मात्र फारशी बदलली नाही, कारण हक्क बजावण्याची इच्छा न्यायालय पुरवू शकत नाही.

उलट लार्सन अँड टुब्रोकडे पाहावे. १९३८ साली मुंबईत दोन डॅनिश अभियंत्यांनी सुरू केलेल्या या कंपनीला आज कोणी प्रवर्तकच नाही. प्रवर्तकाच्या रकान्यात शून्य आहे. प्रचलित कसोटी लावणाऱ्याने ती बाजूला टाकायला हवी होती. दोन बड्या उद्योगसमूहांनी एकामागून एक तिच्यात मोठा हिस्सा घेतला. पुढे सिमेंटचा व्यवसाय वेगळा निघाला आणि दुसऱ्या समूहाकडचे भाग कर्मचाऱ्यांच्या न्यासाकडे आले. त्या न्यासाकडे आज दहा टक्क्यांहून अधिक भाग आहेत. कंपनीत आयुष्य घालवणारे अभियंते, त्यांच्या वतीने भाग धरणारा न्यास आणि बाहेरच्या मोठ्या संस्था असा तिथला तोल आहे. ही रचना सर्वत्र उचलावी असे मी म्हणणार नाही. परंतु मालकावाचून कारभार बेवारस होतो, या विधानाला पवईच्या कारखान्यातून मिळणारे उत्तर पुरेसे आहे.

आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला नेस्ले इंडियाचे उदाहरण. परदेशी पालक कंपनीचा हिस्सा ६२ टक्क्यांहून अधिक, उतरंड नाही, तारण नाही. तरीही पालक कंपनीला पैसा नेण्याची लाभांशाखेरीज एक वाट आहे: स्वामित्वशुल्क. लाभांशाचे शंभर रुपये वाटले तर सुमारे ३७ इतरांना द्यावे लागतात. स्वामित्वशुल्काचे शंभरच्या शंभर पालकाकडे जातात. मे २०२४ मध्ये हे शुल्क विक्रीच्या ४.५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर नेण्याचा ठराव भागधारकांपुढे आला. संबंधित पक्षाशी होणाऱ्या मोठ्या व्यवहाराच्या बाजूने त्या पक्षाला मत देता येत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. त्यामुळे ६२ टक्के गप्प राहिले, उरलेल्या भागधारकांनी मते दिली, आणि निम्म्याहून अधिक मते विरुद्ध पडून ठराव फेटाळला गेला. त्या दिवशी कंपनीच्या भागधारणेत एका भागाचाही बदल झाला नव्हता. बदल केला तो एका नियमाने आणि तो वापरण्याइतक्या जागरूक असलेल्या मतदारांनी.

६. काही आक्षेप

पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे: सामान्य गुंतवणूकदाराला एवढे खोदकाम करणे शक्य नाही, त्याला एक सोपी कसोटी हवी. ही अडचण खरी आहे. दहा-वीस भाग बाळगणाऱ्याने तीनशे पानांचा अहवाल वाचून वाचवलेले रुपये त्याच्या वेळाच्या किमतीहून कमी असतात, आणि म्हणूनच विखुरलेले भागधारक एकेकटे राखण करू शकत नाहीत. पण सोपी कसोटी हवीच असेल तर टक्केवारीऐवजी तीन जागा पाहाव्यात: तारणाचा रकाना, संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची ताळेबंदातील टीप, आणि व्यवस्थापकीय संचालकाचा मोबदला नफ्याबरोबर उतरतो की नाही. या तीन जागांना मिळून अर्धा तास लागतो.

दुसरा आक्षेप असा की, उद्योगसमूहाची उतरंड ही लुबाडणुकीची नव्हे तर सहकार्याची व्यवस्था आहे. भांडवल, माणसे आणि नावलौकिक यांचा बाजार जिथे कच्चा असतो तिथे समूहच ती उणीव भरून काढतो. खन्ना आणि पालेपू यांनी २००० साली भारतीय कंपन्यांच्या आधारे ही बाजू समर्थपणे मांडली आणि ती मला मान्य आहे. परंतु तिच्यातून टक्केवारीचे समर्थन निघत नाही. समूहाने खालच्या कंपनीला अडचणीत हात दिला की तिचा रस शोषला, हे तर व्यवहारागणिक पाहावे लागते.

तिसऱ्या आक्षेपाला अधिक जागा दिली पाहिजे, कारण तो ‘कामगिरी’ या शब्दावरच बोट ठेवतो. कामगिरी कोणाच्या दृष्टीने मोजायची? याचे उत्तर शोधताना प्रवरानगरकडे पाहावे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या तिथल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. या रचनेत भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. आणि सभासद हाच ऊस पुरवणारा. त्याला लाभांशाची फारशी ओढ नसते, कारण कारखान्याचा फायदा त्याच्या घरी उसाच्या दरातून येतो. ऊसदरातून दिलेली जादा रक्कम हा खर्च समजायचा की नफ्याची वाटणी, यावर प्राप्तिकर खात्याशी कारखान्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला, तो याचसाठी. अशा संस्थेचे नफातोटा पत्रक पाहून तिला नादार ठरवणे म्हणजे विहिरीत पाणी नाही म्हणून शेत कोरडे समजणे, आणि पाटाकडे पाहायचे विसरणे होय. पण याच रचनेत मालकी आणि सत्ता यांची फारकत वेगळ्या वाटेने शिरली. मत समान असले तरी ऊस कधी तोडला जाईल, नोकरी कोणाला लागेल आणि तोडणी-वाहतुकीचे ठेके कोणाला मिळतील, हे ज्या मोजक्या हातांत आले, त्यांचा स्वार्थ दरात उरला नाही. मत मोजण्याची रीत बदलली तरी वाटा आणि सत्ता यांतील अंतर पाहण्याची गरज टळत नाही, हे आमच्याच जिल्ह्यांनी दाखवून दिले आहे.

७. आता मतपत्र कोणाच्या हाती

गेल्या वीस वर्षांत मालकीचा उतारा पुन्हा बदलला आहे. प्रत्येक नोंदलेल्या कंपनीत किमान २५ टक्के भाग जनतेकडे असावेत असा नियम २०१० मध्ये झाला, आणि त्या पंचवीस टक्क्यांतला वाढता वाटा म्युच्युअल फंडांकडे व विमा कंपन्यांकडे जात आहे. महिन्याला पाचशे-हजार रुपये भरणारी साताऱ्याची परिचारिका आज शेकडो कंपन्यांची अंशतः मालकीण आहे, आणि तिला त्यांतील एकीचेही मतपत्र येत नाही. ते फंडाच्या कचेरीत जाते. सेबीने फंडांना एप्रिल २०२२ पासून प्रत्येक ठरावावर मत देणे सक्तीचे केले, ते मत कारणासह जाहीर करण्यास सांगितले, आणि हे पाऊल योग्यच होते. परंतु त्याच फंडाची मातृसंस्था त्याच कंपनीला कर्ज देत असेल किंवा तिच्या कर्मचाऱ्यांची निवृत्तिनिधीची कामे मिळवू पाहत असेल, तर त्या मताच्या मागे परिचारिकेचा स्वार्थ उभा आहे की मातृसंस्थेचा, हे जाहीर झालेल्या कारणातल्या दोन ओळींवरून कळत नाही. मतांच्या नोंदी आता सर्वांसाठी खुल्या आहेत. त्या वर्षभराच्या एकत्र करून, कोणत्या फंडाने कोणत्या समूहाच्या संबंधित-पक्ष ठरावांना किती वेळा विरोध केला, याची यादी एखाद्या मराठी अर्थविषयक नियतकालिकाने दर आर्थिक वर्षाअखेर छापावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. ते बाराच्या नमुन्याचे पहिले पान होईल.